पाकिटातला कौल

कोर्टाच्या मागच्या बोळात माझं झेरॉक्सचं दुकान. दुपारी वकिलांची आणि पक्षकारांची गर्दी ओसरली की मशीनच्या मागं पोतं अंथरून आम्ही तिघं रमीला बसायचो. एक मी. दुसरा कंडक्टर, धाराशिव डेपोत एसटीला, पहिलीपासून माझ्या बाकावरचा. तिसरा खतवाला, दोन दुकानं सोडून त्याचं खत-बियाण्याचं दुकान. रमी म्हणजे आम्हाला खेळ राहिला नव्हता, सवय झाली होती. कंडक्टर खिशातनं गुटख्याची पुडी काढायचा, दातानं फोडायचा, अर्धी माझ्या तळहातावर, अर्धी स्वतःच्या तोंडात. खतवाल्याला त्या वासानंच मळमळायचं. त्याला आम्ही लई छळायचो. "तू बस खताच्या वासात! त्यो चालतो व्हय तुला?"

मग एका उन्हाळ्यात दोन गोष्टी पाठोपाठ आल्या. एक माझ्या तोंडात, एक दुकानात.

तोंडातली आधी सांगतो. डाव्या गालाला आतनं पांढरा चट्टा आला. वाटलं, गाल चावला असेल. ठेच्याचा घास घेतला की डोळ्यांतनं पाणी. मग चट्टा मधोमध चिरला, आणि जांभई द्यायची झाली तर जबडा मध्येच अडकल्यासारखा व्हायला लागला. गावातल्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं, बॅटरी बंद केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बार्शीला जाऊन या. तुकडा काढून तपासतील." बार्शीच्या मोठ्या दवाखान्यात लोक कशाला जातात हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्या रोगाचं नाव आम्ही घेत नाही. 'तसलं' म्हणतो. अमक्याला तसलं झालं म्हणं. बस्स, पुढं कुणी विचारत नाही.

माझ्या चुलत्याला तसलंच झालं होतं. धडधाकट माणूस, आपल्या पायानं एसटीत चढून गेला, तुकडा काढून आला आणि पुढची ज्वारी काढायला राहिला नाही. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, हात लावला म्हणून भडकलं. लावला नसता तर राहिलं असतं गपगुमान. हे खरं नाही हे आज मला कुणी सांगायला नको. पण तेव्हा तुकडा हा शब्द ऐकला की मला चुलताच दिसायचा, आणि मी घरी कुणाला काही बोललो नाही. मी भित्रा माणूस आहे. तोंडानं फटकळ आहे म्हणून लोकांना कळत नाही.

आता दुकानातली गोष्ट. वह्या-पेनं पुरवणारा एक एजंट येतो. त्यानं एक दिवस पत्त्यांच्या पाकिटांची माळ भिंतीला लटकवली, शाम्पूच्या पुड्यांची असते तशी. "नवीन हाय शेठ, पुण्यात पोरं येडी झालीत याच्यापायी." गडराख्यांचा खेळ. प्रत्येकाचा एक गड, आणि त्याची राखण करायला नाना तऱ्हेची जनावरं. पाकिटात पाच पानं. चार साधी, आणि पाचवं एक तर सोनेरी कडेचं नाही तर काळ्या कडेचं. सोनेरी म्हणजे राखणदार. काळं म्हणजे सावट, ते ज्याच्या पाकिटात निघेल त्याच्या गडाचा एक बुरूज ढासळला. फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. पोरं म्हणून तर पाकिटं घेत राहतात, पानं जमवतात, अदलाबदल करतात.

आमच्या धाराशिवातल्या पोरांनी ढुंकून बघितलं नाही. बघितलं ते मी.

का, ते समजायला तुळजापूरचा चिंतामणी माहीत पाहिजे. देवळात गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. माझ्या बहिणीचं लग्न, आमची बोअर, माझं हे दुकान, सगळं त्याला विचारून झालेलं. आई दर वेळी बजावायची, "परश्न सरळ धर. होय कशाला न् न्हाय कशाला, ते आधी मनात पक्कं कर, न्हायतर देवी सांगंल एक न् तू समजशील दुसरंच." या वेळी तिथं जायची माझी हिंमत झाली नाही. आई बरोबर आली असती. आणि दगडाला एकदा विचारलं की झालं, डावा गेला तर डावा. इथं पाकिटं माळेनं लटकत होती.

पहिलं पाकीट मी एकट्यानं फोडलं. दोन्ही तळहातांत धरलं आणि मनात देवीला म्हणालो, आई, हे तसलं न्हाय ना? सोनेरी निघालं तर तसलं नाही. काळं निघालं तर आहे.

काळं निघालं. गडाच्या दारात एक उंच आकृती उभी, आणि चित्र काढणाऱ्यानं तिला तोंडच काढलं नव्हतं. नाकाखाली सगळं गुळगुळीत. मी ते पान पालथं घातलं आणि मशीनखाली सारलं. मग वाटलं, पहिला कौल धरू नये. तीनदा विचारावं. पण एकट्यानं पाकिटं फोडत बसायची लाज वाटायला लागली, शहाणासुरता माणूस मी. चारचौघांत खेळ म्हणून फोडलं तर कुणाला संशय येणार? म्हणून मी दोस्तांच्या मागं लागलो.

ते काय सहजी ऐकतात! कंडक्टर माळेकडं बघून म्हणाला, "बिस्किटाच्या पुड्यात निघत्यात ती चित्रं का ही? लेकरं बिघडली तेवढी पुरी न्हाईत व्हय?" खतवाल्यानं नियमांचा कागद उलगडला, नाकापर्यंत आणला, लांब धरला आणि पुन्हा घडी घातली. "हे वाचस्तोवर माझं सोयाबीनचं बी उगवंल."

"अरे, एकदा बसून तर बघा."

"रमीला काय धाड भरली?"

"रमी, रमी! म्हातारे झालो आपण त्या रमीपायी."

"मंग हितं काय जवान व्हायचंय?" कंडक्टर म्हणाला. त्याला सगळ्यांत जड गेला तो एक नियम. पान टाकताना त्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं, आणि ते काय करतं तेही सांगायचं. "म्या दिसभर तिकीट-तिकीट वरडतो. हितं यिऊन आता 'दगडी कासव, बुरूज धरतो' म्हणून वरडू? वकील लोकं काय म्हणतील?"

शेवटी मी रमीच्या कॅटमधला चौकटचा राजाच गायब केला. दोघांनी पोतं झटकलं, मशीनखाली हात घातले, एकमेकांचे खिसे तपासले. मी वरून भजी मागवली. तरी कंडक्टर घुटमळत होता, तेव्हा म्हणालो, "ऱ्हाऊ दे गड्या. डोक्याचा खेळ हाय, तुला जमायचा न्हाय." झालं! मांडी ठोकून बसला. पहिला डाव खतवाला जिंकला. ज्या माणसानं कागदाची घडी घातली होती तोच पोत्यावर गुडघ्यावर उभा राहून ओरडला, "सोनगरुड! दोन बुरूज राखतो!" बाहेरनं एका वकिलानं वाकून बघितलं. कंडक्टर हसून लोळला, आणि दुसऱ्या दिवशी तोच पहिला हजर.

मग रोज डाव. आणि प्रत्येक डावाला एकेक पाकीट, ज्याचं त्यानं फोडायचं. खतवाल्याला सोनेरी निघायचं. कंडक्टरला कधी सोनेरी, कधी काळं. मला काळं. परत काळं. "तुझ्या हाताला काळंच लागतं की रं!" खतवाला म्हणायचा. मी हसायचो, म्हणजे जेवढं तोंड उघडायचं तेवढं. तीनदा विचारून झालं, तर मी मनाशी म्हणालो पाचदा विचारावं. मग मोजणंच सोडून दिलं. सकाळी शटर उघडलं की आधी नजर माळेकडं. वाऱ्यानं पाकिटं एकमेकांवर घासली तरी मला दचकायला व्हायचं. कुणी आजूबाजूला नसताना मी गालावरनं बोट फिरवायचो. आत काहीतरी टणक झालं होतं.

घरी भाकरी दुधात कुस्करून खायला लागलो. बायको दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी ताटापुढं बसली. "दात हाय का दुसरं काय?"

"दात."

"मंग दाताच्या डॉक्टरकडं जावा की. आन् उशीला लाल कशाचं?"

"पुडीचं."

"झोपंत बी पुडी खाता व्हय तुमी?" ती उठून गेली. थोड्या वेळानं मोरीत भांडी आदळल्याचा आवाज आला. तिला कळलं होतं आणि तीही नाव घेत नव्हती.

कंडक्टरच्या घरचं वेगळं. त्याच्या आजोबांनी बुद्धाचा धम्म घेतला तेव्हाच नवस, कौल, अंगात येणं सगळं उंबऱ्याबाहेर काढलं. मी तुळजापूरचं काही बोललो की तो डोळे मिचकवायचा. "दगुड फिरतो म्हणं! माझी गाडी येळंवर फिरना झालीय, तिला हात लावायला सांग तुझ्या देवीला." मी चिडायचो, तो आणखी चिडवायचा. लहानपणापासून हे असंच चाललेलं. आणि लहानपणापासून तो मला ओळखत होता, म्हणूनच मी पकडला गेलो. एका दुपारी मी पाकीट दोन्ही हातांत धरून डोळे मिटले होते, उघडले तर तो माझ्या ओठांकडं बघत होता. पानं हातात तशीच. खतवाला गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेला होता.

"किती दिस झालं तू भजं खाल्लं न्हाईस?" तो म्हणाला.

"पित्त झालंय."

"तोंड उघड."

मी त्याला आईबहिणीवरनं शिवी दिली. त्यानं ती ऐकून घेतली, जी एरवी त्यानं कधी ऐकून घेतली नसती. "डॉक्टरनं काय सांगितलं तेवढं सांग."

"बार्शीला जा म्हणला."

"मंग?"

"बघू की."

त्यानं माझ्या हातातल्या पाकिटाकडं बघितलं, मग भिंतीवरच्या माळेकडं. त्याला वाटलं, सगळं कळलं. निम्मंच कळलं होतं. त्याला वाटलं मी देवीला विचारतोय, जाऊ का?

दोन-तीन दिवस तो ड्युटीवर होता. आला तेव्हा दाढीबिढी करून आला, आणि आल्या-आल्या माळेशी काहीतरी चाळा करत उभा राहिला. मला वाटलं, पाकीट निवडतोय. बसलो. मी माळेतलं सगळ्यात खालचं पाकीट तोडलं, दोन्ही हातांत धरलं, मनात तोच प्रश्न. फोडलं.

सोनेरी!

काय सांगू! छातीवरची धोंड बाजूला झाली. मी उभा राहिलो, खतवाल्याला मिठी मारली, त्याचा चष्मा पडला. भजी आली होती, त्यातली तळलेली मिरची उचलली आणि चावली. गालात जाळ झाला, डोळ्यांतनं धार लागली, तरी मी हसत होतो. "संपलं! आता कशाची बार्शी न् कशाचं काय! देवीआईनं सांगितलं, काय न्हाय झालेलं मला!"

"म्हंजे?" कंडक्टर म्हणाला.

"म्हंजे जायचं न्हाय! तसलं न्हायच त्ये."

त्याचा चेहरा उतरला. असा उतरला की खतवाल्यानं चष्मा शोधायचं सोडून त्याच्याकडं बघितलं. "अरं येड्या," तो हळू म्हणाला, "सोनेरी म्हंजे जायचं ना? तू जाऊ का म्हणून विचारत हुतास ना?"

"म्या कशाला तसं विचारू? जायचंच न्हवतं मला!"

तो कपाळाला हात लावून पोत्यावर बसला. मग सांगितलं त्यानं. माळेतलं एक पाकीट घरी नेलं, तळाची शिवण ब्लेडनं अलगद उघडली, आतलं पाचवं पान काढून त्याच्या जागी खतवाल्याकडनं मागून नेलेलं सोनेरी पान घातलं आणि शिवण मेणबत्तीवर धरून बंद केली. बायका कुरडयांची प्लास्टिकची पिशवी बंद करतात तसं, करवतीचं पातं मध्ये धरून. आणि माळेच्या टोकाला टाचणीनं अडकवलं, कारण मी खालनं तोडतो हे त्याला माहीत होतं.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. देवीचा कौल फिरवला तू, म्हणालो. तुझ्या घरात देव न्हाय म्हणून माझा बी बुडवलास, म्हणालो. त्याच्या आजोबांपर्यंत गेलो. बोळातली दोन माणसं शटरपाशी येऊन थांबली. तो खाली बघत पोत्याचा एक दोरा ओढत राहिला. मला दम लागला तेव्हा एकच प्रश्न उरला होता.

"मंग खरं काय हुतं त्यात?"

त्यानं खाकी शर्टाच्या खिशातनं कागदाची घडी काढली. आत ते पान होतं, पाठीकडनं वर. "म्या बघितलं न्हाय."

"का?"

"तसंच."

"तू तर मानत न्हाईस ना? मंग बघायला काय हुतं तुला?"

त्यानं घडी पोत्यावर ठेवली. मी हात पुढं केला. बोटं पानाला टेकली, आणि मला ते उचलता येईना. तिघंही त्या पानाकडं बघत बसलो. बाहेर कुणीतरी झेरॉक्स पाहिजे म्हणून हाक मारत होतं, कुणी उठलं नाही. शेवटी खतवाल्यानं, ज्याचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, ते पान पालथंच उचललं, मधल्या सगळ्या गठ्ठ्यात घातलं आणि पिसायला लागला. बराच वेळ पिसत राहिला. "आता काढा शोधून," तो म्हणाला. "कळायचं न्हाय कुणाला. उद्या पहिल्या गाडीनं बार्शीला जावा, दोघं बी. पुन्यांदा माझ्याफुडं हे पाकीट फोडायचं न्हाय."

गेलो. माझ्यात नाही म्हणायचं बळच उरलं नव्हतं. बायकोनं डबा दिला, त्यात दूध-भात होता, आणि कुठं जाताय ते विचारलं नाही. गाडीत कंडक्टरनं मला खिडकी दिली. येडशीला गाडी थांबली तेव्हा रामलिंगाच्या देवळाकडची माकडं स्टँडच्या पत्र्यावर बसलेली, त्यांच्याकडं बघून तो काहीतरी विनोद करत होता. मला ऐकू येत नव्हतं. वाटेत एकदा त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि पुडी न काढताच परत आला. माझ्यासमोर खायची नाही असं ठरवलं असावं. मला त्याचा राग यायचा बंद झाला. एकदम भरून आलं, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

दवाखान्यात बाकावर बसायला जागा नव्हती. जिकडं बघावं तिकडं गमज्यानं निम्मा चेहरा झाकलेली माणसं. एकाच्या नाकात नळी, ती कपाळाला चिकटपट्टीनं चिकटवलेली, आणि तो बायकोला हातानं खुणा करून पाणी मागत होता. एकानं गमजा सरळ करायला सोडला आणि मी मान फिरवली. कंडक्टरनंही फिरवली. तो आता विनोद करत नव्हता.

आतली डॉक्टर आमच्या पोरींच्या वयाची. तिनं मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "काका, तोंड किती उघडतं बघू. ही तीन बोटं अशी एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला." मला गंमतच वाटली. घातली. तिसरं बोट दातांवर आपटलं. एक काढलं, तरी दोन कशीबशी. तिनं बॅटरी मारली, लाकडी पट्टीनं गाल बाजूला केला, बोटानं गळ्याच्या बाजूला खाली-वर चाचपलं. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं आणि पुन्हा त्याच ठिकाणी आलं. "तुकडा आजच घेऊ या," ती म्हणाली. "उशीर केलात. पण आलात ते बरं झालं." सोबत कोण आहे, तिनं विचारलं.

कंडक्टर दारापाशी उभा होता तो पुढं आला. "म्या हाय मॅडम. सही-बिही काय असंल तर करतो."

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या दातांकडं. "तुम्ही पण खाता?"

"थोडं. ड्युटीवर झोप येती म्हणून."

"दुखतं काही? तिखट लागतं?"

"छ्या! ठणठणीत हाय आपण."

"मग घाला बघू तीन बोटं."

तो हसला. माझ्याकडं बघून डोळा मिचकावला, मोठ्या तोऱ्यात तीन बोटं जुळवली, दाखवल्यासारखी वर धरली आणि तोंडाशी नेली. गेली नाहीत. त्यानं मान तिरकी केली, जबडा ताणला, कपाळावर शिरा उभ्या राहिल्या. एक बोट काढलं. दोनही दाताला अडली. तो अजून हसतच होता, पण आता ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, आणि बोटं तो काही केल्या खाली घेईना.

डॉक्टरनं माझा कागद बाजूला सारला, दुसरा कोरा पुढं ओढला आणि पेन उचललं. "नाव?"

 त्याचं नाव मी सांगितलं.